गाळलेले तीन चेंडू

माझे बाबा चेंडू बाहेर काढायचे. म्हणजे फलंदाजाला वाटायचं, हा सरळ यष्टीवर येतोय. तो बॅट पुढे घालायचा आणि नेमका तेव्हाच चेंडू अंग चोरल्यासारखा त्याच्यापासून दूर सरकायचा. बॅटची कड, मागे यष्टिरक्षकाचे हातमोजे, खेळ खलास. एकवीस वर्षं त्यांनी एवढंच केलं आणि खेळणं सुटल्यावर त्याच मैदानावर इतरांना शिकवायला लागले. तिथे सगळे त्यांना तिरके मास्तर म्हणत. हे नाव चेंडूमुळे पडलं, असं बाबा सांगायचे. जिभेमुळे पडलं, असं आई सांगायची.

मी त्यांची एकुलती एक. मला गोलंदाजी येत नाही, मी ती मोजते. क्रीडा संस्थेच्या तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे. लांबलचक हॉल, भिंतींवर चौदा कॅमेरे, जमिनीत बसवलेली एक पट्टी, जी पाऊल किती जोरात आदळलं ते सांगते. गोलंदाजाच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर, बोटांच्या पेरांवर आम्ही चकाकणारे बारीक मणी चिकटवतो. तो धावत येऊन चेंडू टाकतो, कॅमेरे फक्त ते मणी बघतात आणि पडद्यावर ठिपक्यांचा एक माणूस चेंडू टाकताना दिसतो. पुढचा गुडघा किती वाकला, आधी कंबर वळली की खांदा, चेंडू सुटताना मनगट कुठे होतं, सगळं आकड्यांत हाती येतं.

बाबांना याचं भारी हसू यायचं. मला ते मोजणीबाई म्हणायचे.

"चेंडू मनगटाला कळतो गं. तुझ्या यंत्राने कधी कुणाची विकेट काढलीये?"

"तुमच्या मनगटाला तरी कुठे कळतं? विचारलं तर म्हणता, असं सोडायचं. असं म्हणजे कसं?"

"असं म्हणजे असं," म्हणत ते जेवणाच्या टेबलावर चमचा धरून मनगट झटकायचे. भाजीचा शिंतोडा आईच्या चष्म्यावर.

प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा पहिला गोलंदाज म्हणून मी त्यांनाच बोलावलं होतं. "मी काय बेडूक आहे, टेबलावर ताणून बघायला?" म्हणाले आणि आले नाहीत. मी मनाला लावून घेतलं. पुन्हा कधी विचारलं नाही. सात वर्षं आम्ही एकमेकांच्या कामाची थट्टा करत राहिलो आणि त्या थट्टेखाली जे काही होतं त्याला कुणी हात लावला नाही.

मग एका मंगळवारी, भर दुपारी, ते स्वतःहून दारात उभे. हातात जुने बूट.

"रिकामी आहेस का? बघ जरा माझी गोलंदाजी."

माझा आनंद गगनात मावेना. मी सहकाऱ्याला चहाला पिटाळलं, कारण त्यांच्या अंगावर मणी मला स्वतःच्या हाताने चिकटवायचे होते. अठ्ठावन्न वर्षांचे होते ते. सदरा काढून उभे राहिले तेव्हा लाजले. बारा चेंडू टाकले. धाव आखूड केली होती, पण शेवटची उडी तीच, पुढचा पाय तसाच काठीसारखा ताठ. संध्याकाळपर्यंत बसून मी आकडे काढले.

चेंडू हवेत वळतो त्या स्विंगचं गणित थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चेंडूची शिवण जरा तिरकी धरून सोडली, तर त्याच्या दोन बाजूंनी हवा वेगवेगळी वाहते. शिवणीच्या बाजूला ती चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि चेंडू तिकडे ओढला जातो. पण त्यासाठी शिवण हवेत डगमगता कामा नये. ती स्थिर ठेवतात बोटं. मनगट झटकलं की तर्जनी आणि मधलं बोट चेंडूच्या पाठीवरून खाली ओढली जातात, चेंडू उलटा गरगर फिरायला लागतो आणि भोवऱ्यासारखा आपला कल सांभाळतो. सेकंदाला दहा-अकरा फेरे मिळाले की झालं. सगळी धाव, सगळी ताकद, शेवटी त्या दोन बोटांच्या टोकांशी येते.

हे फेरे आणि शिवणीचा कल आम्ही बोटांवरच्या मण्यांवरूनच काढतो. बाबांच्या नऊ चेंडूंना साडेदहाच्या आसपास फेरे होते. उरलेल्या तीन चेंडूंत तर्जनी ओढलीच गेली नव्हती. नुसती चेंडूवरून घसरली होती. फेरे सहा-सात आणि शिवण डगमगलेली.

असा चेंडू माझे बाबा टाकूच शकत नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणजे बोटावरचा मणी घामाने सरकला असणार. मी ते तीन चेंडू गाळले, नोंदवहीत 'मणी सरकला' असं लिहिलं आणि उरलेल्या नऊ चेंडूंचा देखणा कागद छापून घेतला.

ते हॉलच्या कडेला बाकावर वाट बघत होते.

"बाबा, विशीतल्या पोरांना लाजवेल असं मनगट आहे तुमचं."

त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"सगळे चेंडू बघितलेस?"

"सगळे."

"बरं," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात घातली. घरी जाताना गाडीत त्यांनी एकही टोमणा मारला नाही. मला वाटलं, भारावलेत.

त्यानंतर वर्षभराने शिडी माझ्याकडे आली. शिडी म्हणजे बाबांची सगळ्यात लाडकी शिष्या. जलदगती गोलंदाज, सहा फुटांना एक बोट कमी, म्हणून शिडी. तिच्या कोपराची नेहमीची तपासणी होती. मणी काढता काढता ती म्हणाली, "ताई, एक विचारू? मास्तरांना काही झालंय का?"

"का गं?"

"ते आता चेंडू टाकून दाखवत नाहीत. नुसतं तोंडी सांगतात. परवा आग्रह केला म्हणून टाकला, तर सरळ गेला आणि पुढ्यातच पडला. सगळे हसले. तेही हसले. पण ताई, शिट्टीसुद्धा डाव्या हाताने धरतात ते हल्ली."

ती गेल्यावर मी हॉलचं दार लावून घेतलं आणि वर्षापूर्वीची मूळ नोंद उघडली. गाळलेलं काही आम्ही पुसून टाकत नाही, बाजूला ठेवतो. मणी सरकला की नाही हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. एकाच हाडावर दोन मणी असतात. एक सरकला तर दोघांतलं अंतर बदलतं. मी तिन्ही चेंडूंत ते अंतर मोजलं. केसभरही बदललं नव्हतं.

मणी जागेवर होता. बोटच चाललं नव्हतं.

कुठल्याही परक्या गोलंदाजाच्या बाबतीत मी ती दोन मिनिटं दिली असती. देतेच. रोज देते.

घरी गेले तेव्हा बाबा खिडकीशी बसून बातम्या ऐकत होते. मी शेजारी बसले आणि त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधे जो मांसल उंचवटा असतो, तिथे खळगा होता. दंडाच्या कातडीखाली काहीतरी बारीक फडफडत होतं, थांबत होतं, पुन्हा फडफडत होतं. त्यांनी हात काढून घेतला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उद्या बोलू," ते म्हणाले. "आईला आत्ता काही बोलू नकोस. आज तिला दवाखान्यात दिवसभर मांजरांनी ओरबाडलंय."

आई जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तिला सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी तीच पर्स घेऊन दारात उभी होती. "मी येणार आहे. सहा महिने यांच्या सदऱ्याची बटणं मी लावतेय, आणि म्हणे सांगू नकोस."

मज्जातंतूंच्या डॉक्टर बाई शांत होत्या, तरुण होत्या. त्यांनी बाबांच्या दंडात, पोटरीत, जिभेत सुया घातल्या आणि यंत्रावर उमटणाऱ्या रेघा बघितल्या. दोन आठवड्यांत चार खेपा झाल्या. मग त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

"मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या पेशी असतात. त्या एकेक करून मरतायत. हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. बुद्धी शाबूत राहील. हे थांबवायचं औषध आपल्याकडे नाही. थोडा वेग कमी करणारं आहे."

"किती?" बाबांनी विचारलं.

"दोन वर्षं. तीन. कुणी जास्तही जगतं."

"एक वर्ष आधी कळलं असतं तर?" हे मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं. "औषध लवकर सुरू झालं असतं. काही आठवडे मिळाले असते, कदाचित महिना-दोन महिने. फार फरक पडला नसता."

फार नाही. म्हणजे थोडा पडला असता.

आई औषधं घ्यायला खाली गेली. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. समोरच्या खिडकीतून खाली भिंतीला टेकवलेली एक सायकल दिसत होती, तिच्याकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. तीन चेंडू, मणी, ती दोन मिनिटं. मधे एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तीन चेंडू गेले होते. चौथा, आठवा आणि अकरावा. हाताला कळत होतं. तुझ्या कागदावर नऊच होते. अगं, त्याचसाठी तर आलो होतो. त्याआधी दोन महिने किल्ल्या हातातून पडत होत्या. कुणाला सांगू? आईला सांगितलं असतं तर ती रडली असती. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. म्हटलं, यंत्र काही घाबरत नाही. ते सांगून टाकेल."

मला रडू आवरेना. त्यांनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला.

"आणि तू म्हणालीस, मनगट उत्तम आहे. मी ठरवलं, पोरगी एवढी शिकलेली आहे, तिलाच बरोबर कळत असेल. वर्षभर तुझ्या त्या कागदावर काढलं मी."

"चिडा ना माझ्यावर. थोडं तरी चिडा."

"चिडलो होतो. गाडीत चिडलो होतो, त्या दिवशी." मग म्हणाले, "आता कशाला?"

त्यांनी मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. केलं नाही असंही म्हणाले नाहीत. आई पायऱ्या चढून वर आली, आमचे चेहरे बघितले आणि आमच्या मधे बसली.

त्यानंतरचे पाच महिने आमच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे लिहिताना मला चोरट्यासारखं वाटतं, पण ते खरं आहे. बाबांना शिडीला आपला तो बाहेर सरकणारा आउटस्विंग शिकवून पुरा करायचा होता. तिचा चेंडू वेगात यायचा, पण शिवण दर तिसऱ्या चेंडूला डगमगायची. आणि आता बाबांना दाखवता येत नव्हतं. असं म्हणजे असं, म्हणायला हातच नव्हता.

एका सकाळी ते शिडीला घेऊन प्रयोगशाळेत आले. काठी टेकत, तिच्या खांद्याला धरून. "मोजणीबाई," ते म्हणाले, "असं म्हणजे कसं, ते आता तू सांग."

मग आम्ही तिघं आठवड्यातून तीन सकाळी बसायला लागलो. शिडी टाकायची. मी सांगायचे, मनगट बारा अंश बाहेर कलतंय. बाबा डोळे मिटून विचार करायचे आणि म्हणायचे, "शिडे, दाराची मूठ फिरवतेस तू. मूठ फिरवू नकोस. टेबलावरची धूळ खाली ओढ." ती पुन्हा टाकायची. मी सांगायचे, आता चार अंश. बाबा हसायचे. माझ्या आकड्याला त्यांच्याकडे शब्द होता आणि त्यांच्या शब्दाला माझ्याकडे आकडा. इतकी वर्षं एका घरात राहून हे आम्हाला सुचलं नव्हतं.

एकदा ते म्हणाले, "काही म्हण, चांगला स्विंग शेवटच्या क्षणीच वळतो."

"नाही बाबा. हातातून सुटल्यापासूनच तो वळत असतो. सुरुवातीला ते इतकं थोडं असतं की दिसत नाही."

"खरंच?"

"मोजलंय मी."

त्यांनी पडद्यावरून नजर काढून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग शिडीला म्हणाले, "चल, पुढचा."

पाचव्या महिन्यात शिडीने सलग चोवीस चेंडू टाकले आणि एकाचीही शिवण हलली नाही. तिने तिथेच, हॉलच्या मध्यावर, बाबांना मिठी मारली. ती एवढी उंच की त्यांचा चेहरा तिच्या काखेत गेला. "अगं मला आजाराने मरू दे," ते आतून ओरडले, "गुदमरून मारतेस का?"

त्यांची जीभ त्याच सुमाराला जड व्हायला लागली. आधी जोडाक्षरं गेली. मग टोमणे लांबवून बोलावे लागायचे आणि टोमणा लांबला की त्यातली धार जाते, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. थंडी संपेपर्यंत काठी गेली, चाकांची खुर्ची आली. मग एक पाटी आली, अक्षरांची. आम्ही अक्षरांवरून बोट फिरवायचो आणि हव्या त्या अक्षराशी ते पापणी मिटायचे. पहिल्या दिवशी त्यांनी अख्खं एक वाक्य रचलं. पंधरा मिनिटं लागली. 'तुझ्या आईचा चहा पातळ आहे, आता तरी सांगतो.' आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

त्यांना उचलायचं काम आईने कुणाला करू दिलं नाही. नर्स ठेवूया म्हटलं तर माझ्यावरच डाफरली. एक हात काखेखाली, एक गुडघ्यांखाली, पाठ ताठ, आणि हुप्प करून पलंगावरून खुर्चीत. "पन्नास किलोचे कुत्रे टेबलावर चढवते मी. ते चावतातसुद्धा. तुम्ही काय मोठे लागून गेलात?" बाबा पापण्या मिटून उघडायचे. त्याचा अर्थ, मीही चावेन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दवाखान्यातून जेवणाच्या सुट्टीत धावत यायची, उचलायची, परत जायची. दीड वर्ष.

मैदानावर आम्ही त्यांना जमेल तोवर नेलं. सीमेवरच्या पांढऱ्या साइटस्क्रीनच्या बाजूला खुर्ची लावायचो. शिडी दर चेंडूनंतर त्यांच्याकडे बघायची. चेंडू चांगला असेल तर ते डोळे मिटायचे. वाईट असेल तर टक लावून बघत राहायचे. एकदा ती अर्धा तास टाकत होती आणि त्यांनी एकदाही डोळे मिटले नाहीत. ती रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "ताई, इतके वाईट पडतायत का?" मी जवळ जाऊन बघितलं. त्यांच्या डोळ्यांना ऊन लागत होतं, पाणी वाहत होतं आणि पापण्या नीट मिटत नव्हत्या. त्यानंतर आम्ही त्यांना मैदानावर नेलं नाही.

ते गेले एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास. आई कामावर होती, मी घरी होते. श्वास दोन दिवसांपासून उथळ झाला होता. मी पाटी घेऊन बसले होते, पण त्यांनी एकाही अक्षरावर पापणी हलवली नाही. काही सांगायचं राहिलं होतं का, मला माहीत नाही. मी त्यांचा उजवा हात धरला होता. त्या हाताला स्पर्श कळत होता, शेवटपर्यंत, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मी तेवढ्यावर विसंबून धरून बसले. मग आईला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "एकटे नव्हते ना?"

शिडी त्या दिवशी दुसऱ्या गावी सामना खेळत होती. तिला संध्याकाळी कळवलं. दिवसभरात तिला एकही विकेट मिळाली नव्हती.

दोन दिवसांनी मैदानावरचे सगळे घरी आले. आमची बैठकीची खोली एवढीशी, आणि ही सगळी ताडमाड माणसं, दारातून वाकून आत येणारी. कुठे बसावं, हात कुठे ठेवावेत, त्यांना कळेना. खेळपट्टी राखणारे काका कोपऱ्यात उभे राहिले आणि कुणी न विचारताच म्हणाले, "आज पाणी मारलं खेळपट्टीवर. उद्या सामना आहे ना." मग त्यांनाच वाटलं की हे बोलायला नको होतं, आणि त्यांनी मान खाली घातली. आई म्हणाली, "बरं केलंत." शिडी स्वयंपाकघरात उभी राहून न थांबता कप भरत राहिली.

सगळे गेले तेव्हा उजेड होता अजून. आई आणि मी भांडी घासायला उभ्या राहिलो. चौतीस कप निघाले. बरेचसे शेजाऱ्यांचे होते. आई घासत होती, मी पुसत होते. सहा वाजले. आईने नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि आतल्या खोलीच्या दिशेने दोन पावलं गेली. मग थांबली.

ही त्यांना पलंगावरून खुर्चीत घेण्याची वेळ होती.

ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात कोपरात वाकवलेले, तळवे वर.

"सवय झाली गं हातांना," ती म्हणाली. "आता यांचं काय करू?"

मी तिच्या जवळ गेले आणि तिच्या हातांवर माझे हात ठेवले. थोड्या वेळाने ती परत आली, नळ सोडला आणि उरलेले कप घासायला घेतले. सोमवारी सकाळी आठ वाजता ती दवाखान्यात गेली, आणि नऊ वाजता मी कामावर गेले.